एका ‘न्यू’चे चार भूतकाळ

आमच्या जंगलाजवळच्या गोरेगावात, पिठाच्या चक्कीमागच्या खोलीत मी स्पॅनिश शिकवतो म्हटलं की लोक आधी हसतात, मग विचारतात, "कायले?" दोन वर्षं हेच ऐकतोय. शिकवणं राहिलं बाजूला, किस्सेच जास्त साठले!

विद्यार्थी दोन. एक रिटायर्ड तलाठी भाऊरावजी. दुसऱ्या रंजनाताई. जंगलालगतच्या एका रिसॉर्टला स्पॅनिश बोलणारी गाईड हवीय आणि ताईंना ती नोकरी काहीही करून मिळवायचीय. घरी सासूला मात्र सांगितलंय, "शिवणक्लासले जाऊन राहिली." सासूला कळलं की क्लास बंद, नोकरी बंद!

*

एकदा धडा आला इंग्रजी ‘न्यू’चा. ‘नो’ म्हणजे जाणणे, त्याचा भूतकाळ हो! स्पॅनिशमध्ये त्याला चार पर्याय: साबीआ, सुपे, कोनोसीआ, कोनोसी.

भाऊरावजी भडकले. "इंग्रजाचं एकात भागते, मंग यायले चार कायले लागतात?"

*

मी फळ्यावर तक्ता काढला, बाण काढले, घामाघूम झालो. रंजनाताई शांतपणे म्हणाल्या, "सर, इंग्रजीतून कायले जाऊन राहिले तुमी? माहीत होतं, कळलं, ओळखत होतो, ओळख झाली. आपल्याकडंबी चारच आहेत नं!"

मी डस्टर खाली ठेवलं. पुण्यात फी भरून याच चार शब्दांवर मी तीन महिने रडलो होतो!

*

भाऊरावजींना म्हटलं, ‘कोनोसी’ वापरा. बायकोशी ओळख कधी झाली ते सांगा.

बोटांवर वर्षं मोजत म्हणाले, "लग्नात तं अंतरपाट होता. मंग घरात पंधरा माणसं. ओळख म्हणाल तं रिटायर झाल्यावर झाली."

"मग?"

"मंग काय! म्हणून तं क्लासले येतो!"

*

एक दिवस सासूबाईंनी ब्लाउजपीस काढून दिला. "एवढे दिवस शिकून राहिली, आता शिव."

ताई रडवेल्या होऊन क्लासला आल्या. शेवटी भाऊरावजींच्या बायकोनं तो शिवून दिला. सासूबाईंनी ब्लाउज घातला, आरशात पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "बाही बरी बसली."

*

इंटरव्ह्यू व्हिडिओ कॉलवर होता. ऐनवेळी क्लासमधलं नेटवर्क गेलं. सासूबाई आठवडी बाजाराला गेलेल्या, म्हणून ताईंच्या अंगणात बसलो. स्पेनच्या मॅडम समोर. प्रश्न एकामागून एक सुटत होते. मग मॅडमनी सहज विचारलं, तू शिकतेस हे घरच्यांना माहीत होतं का?

ताई हळूच म्हणाल्या, "नो साबीआन." आणि सवयीनं मराठीतही पुटपुटल्या, "घरी कोणालेच माहीत नवतं."

"मले सारं मालूम होतं!"

मागे वळून पाहतो तर सासूबाई! हातात भाजीची थैली. "भात शिजवता शिजवता बडबडत रायते, ते का शिवणाचं हाय?"

ताई पांढऱ्याफटक पडल्या. मॅडमनी विचारलं, त्या काय म्हणाल्या? ताईंनी डोळे पुसले आणि चारांतला बरोबर तोच निवडला. "साबीआ." माहीत होतं.

सासूबाईंनी थैली खाली ठेवली, मोबाईल हिसकून घेतला आणि स्क्रीनला नाक लावून मॅडमना बजावलं, "बाई, वाघ दिसला का पयले आमच्या सुनेले गाडीत बसवजो!"