तात्यांच्या बांधावरचा खांब

शनिवारी सकाळी दहा वाजता मी मुठा गावात सोनालीच्या घरी, नव्या बॉक्सवरच्या लाल दिव्याकडे बघत बसलो होतो. फायबर म्हणजे केसाएवढी काचेची तार. तिच्यातून वीज जात नाही, उजेड जातो. उजेड बॉक्सपर्यंत पोहोचला की लाल दिवा विझतो. माझा दोन तास विझत नव्हता.

"दादा, सोमवारी नऊला टेस्ट आहे," सोनाली म्हणाली. तिच्या कडेवर सात महिन्यांचं बाळ.

सोनाली एका विमा कंपनीचे कॉल घरून घेते. मुठ्यात मोबाईलची रेंज येते-जाते, म्हणून फोनही इंटरनेटच्या बॉक्सवरच. तिच्या ऑफिसने सांगितलं होतं, सोमवारी घरची लाईन टेस्टमध्ये पास झाली तर ठीक, नाहीतर मंगळवारपासून रोज हिंजवडीच्या ऑफिसात यायचं. दूधपितं मूल घेऊन ते होणार नव्हतं. म्हणजे नोकरी सोडायची.

आणि ही लाईन बदलायला मीच तिला भरीस घातलं होतं.

मी मूळचा केबलवाला. खांद्यावर शिडी घेऊन सुरुवात केली. पुढे सात वर्षं एका मोठ्या कंपनीसाठी गावोगाव फायबर ओढली. तार माझी, खांब माझे, गिऱ्हाइकांच्या शिव्या मला. मागून इंटरनेट तेवढं त्यांचं. यंदा त्यांनी मला न विचारता माझीच गावं हिंजवडीच्या एका माणसाला दिली. मी मॅनेजरला जाब विचारला. तो म्हणाला, "सर, ही गावं फक्त तुमची, असं ॲग्रीमेंटमध्ये कुठे आहे?" मी फोन आपटला. ते आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

पंधरा दिवसांत मी दुसरी कंपनी धरली. तिसरीचा रेट दाखवून तिला खाली आणलं. पिरंगुटच्या ऑफिसात नवं मशीन बसवलं. बदल म्हणजे एवढंच: रस्त्यावरची तार तीच राहते, घरातला बॉक्स नव्या मशीनवर रजिस्टर करायचा. ज्याचं नाव रजिस्टर होत नाही, त्याचं नेट बंद. फोनचा नंबर मात्र बदलतो. मोबाईलचा नंबर कंपनी बदलली तरी सोबत येतो, घरच्या फोनचा येत नाही. हे मी सोनालीला आधीच सांगितलं. तिने नवा नंबर ऑफिसला कळवूनही टाकला. आता मागे फिरायची सोय नव्हती.

मी मीटर काढला. तारेत उजेड सोडला की ती कुठे तुटली आहे ते अंतर हा मीटर दाखवतो. एक हजार दोनशे मीटर. मनात मोजलं आणि उठलो. तिथे भिकूतात्यांचा बांध लागतो.

आमच्या धंद्यात खांबाची एक रीत आहे. कुणाच्या बांधावर खांब रोवला की त्या घराला कनेक्शन फुकट. भाडं नाही, कागद नाही. कंपनी बदलताना मी यादी घेऊन बसलो तेव्हा डोकं आधीच तापलेलं. फुकटवाल्या अकरा नावांवर सरळ रेघ मारली. कोण कशासाठी फुकट, हे बघितलंच नाही. त्यात तात्या होते.

तात्या गोठ्यात होते. माझी तार नीट वेटोळं करून खुंटीला अडकवलेली.

"तात्या, ही काय पद्धत झाली?"

"ये. चा घेतोस?"

"तुम्ही तार तोडलीत."

"इळ्यानं तोडली. तू माजं नेट कशानं तोडलंस?"

"ते मशीनवरून झालं."

"मग तुजं हत्यार मोठं." तात्यांनी म्हशीपुढे पेंडी टाकली. "लेक सुरतेला हाय. त्या डब्यावरच बोलायची. आट दिस झालं, म्हातारीनं तिचा आवाज आयकला न्हाई. गावात मातुर आमाला नाव फुकट्याचं."

मी भाव करायला बसलो. कनेक्शन परत चालू करतो. नको. दुप्पट स्पीड देतो. नको. नवा बॉक्स, नवा फोन. नको. सोनालीचं नाव मी काढलं नाही. आपली नड समोरच्याला दाखवायची नाही, हा माझा पहिल्यापासूनचा नियम. शेवटी माझा तोल गेला.

"मग खांब उपटतो आणि शेजारच्या बांधावर रोवतो."

"रोव की. त्यो बांध माज्या भावाचा. त्याच्या पल्याड मेव्हणा हाय. मेव्हणा जरा तापट हाय, तुज्यावानी."

दुपारभर मी दुसरी वाट शोधत फिरलो. रस्त्याच्या कडेने खांब रोवायचे तर सरकारी परवानगी लागते, तिला महिने जातात. ओढ्यातून जायचं तर तार पुरत नव्हती. सोनालीचे चार फोन येऊन गेले. पाचवा मी उचलला नाही.

रविवारी सकाळी पुन्हा तात्यांकडे गेलो. उभ्यानेच सांगितलं, "वरच्या आळीच्या सोनालीची नोकरी जाईल उद्या. तिची लाईन तुमच्या खांबावरून जाते."

तात्यांनी हातातलं काम ठेवलं. "कोन, त्या बारक्या पोराची आई? आन् काल अर्दा दिस मला स्पीड सांगत बसलास?"

ते आत जाऊन पेन घेऊन आले.

"हे घे. लिही."

त्यांनी नातवाच्या वहीतलं पान फाडून दिलं. खांब भिकूतात्यांच्या बांधावर आहे. कंपनी कुठलीही येवो, त्यांना विचारल्याशिवाय या खांबावरचं काही बंद करायचं नाही. मी 'कळवल्याशिवाय' लिहिलं होतं. तात्यांनी ते खोडून 'विचारल्याशिवाय' करायला लावलं. मी सही केली. धंद्यात खांबासाठी केलेली माझी ही पहिलीच सही.

मग तुटलेल्या तुकड्याच्या जागी नवी तार ओढली आणि दोन्ही टोकांना जोडली. काचेची टोकं साफ कापून, मशीनमध्ये समोरासमोर धरून वितळवून जोडतात. धुळीचा कण बसला तरी जोड वाया. माझे दोन जोड वाया गेले. तात्या शिडी धरून उभे होते. त्यांनी मशीनकडे बघत एकदाच विचारलं, "हितं काय दिसतंय तुला?"

साडेचारला सोनालीकडचा लाल दिवा विझला.

सोमवारी दहाच्या आत तिचा नव्या नंबरवरून फोन आला. "दादा, पास झाली लाईन. पण शनिवारी तुम्ही फोन उचलायला पाहिजे होता. मी त्या रात्रभर राजीनाम्याचं पत्र लिहीत होते."



संध्याकाळी बॉक्स घेऊन तात्यांकडे गेलो. "चला, तुमचं चालू करून देतो."

"नगं. हिंजवडीवाला येतोय उद्या. त्याचं घेतलंय, पैसं भरून."

"कधी?"

"शुक्रवारीच."

"मग माझी तार कशाला तोडलीत?"

"ती रागानं," तात्या म्हणाले. "तुज्याकडं नेट चांगलं असंल बाबा. पर तुला राग आला की म्हातारीचा फोन बंद व्हतो."

आता त्या खांबावर दोन तारा आहेत. खालची माझी, वरची त्याची. तिकडून जाताना मी वर बघत नाही.

उरलेल्या दहा जणांची कनेक्शनं त्याच आठवड्यात चालू केली. फुकटवाल्यांच्या यादीत एक रकाना वाढवला आहे: खांब कुणाच्या बांधावर. नावावर रेघ मारण्याआधी तो वाचायचा. डोकं तापलेलं असेल तर यादी उघडायचीच नाही.