आडवा भोयर

रामटेक्याचे किस्से भिलाईच्या स्टील प्लांटच्या लाल धुळीसारखे आहेत. सकाळी झाडून घ्या, संध्याकाळी पुन्हा तितकेच. आम्ही दोस्त आता रिटायर होऊन टाऊनशिपबाहेर कोहक्यात घरं बांधून बसलो. कोणाकडे चहाले गेलं का कोणीतरी सुरू करतेच, "रामटेक्याचं ते ऐकलं का?" ऐकलेलंच असते. तरी ऐकतो.

रामटेके सेफ्टी डिपार्टमेंटचा आर्टिस्ट. हेल्मेट घाला, बेल्ट लावा, असे पोस्टर रंगवायचा. रविवारी सेक्टर 2 मधल्या आपल्या क्वार्टरमध्ये पोरायले चित्रकला शिकवायचा, म्हणून अख्खी टाऊनशिप त्याले सर म्हणे. मी क्रेन ऑपरेटर, बाजूच्या क्वार्टरमधला. माझ्यासाठी तो रामटेके, त्याच्यासाठी मी भोयर.

*

एक दिवस ड्युटीवरून आलो तर हा अंगणात उभा. "भोयर, पाच मिनिटं इथं लेट."

"कावून?"

"लेट तं."

लेटलो. थकलोच होतो, मले काय. आठ दिवसांनी प्लांटात आमच्या शॉपच्या गेटवर पाहतो तर शिडीखाली मीच पडलो आहे, हेल्मेट बाजूले गडगडलेलं. खाली लिहिलं, 'हेल्मेट दूर, तो घर भी दूर.'

शिफ्टचे पोट्टे येता-जाता पोस्टरशी बोलत, "भोयर, उठ न बे. हजेरी लागून राहिली."

*

मंग त्याले सवयच लागली. मले करंट लागला, मी तेलावर घसरलो, मी भट्टीपाशी भाजलो. "तुझं नाक मोठं आहे," म्हणे. "दुरून ओळखू येते."

मी म्हटलं, "बापा, एकदा मले उभं काढ न. हेल्मेट घालून, बूट घालून, चांगलं."

"उभ्या माणसाकडे कोण पाहते, भोयर?"

पण मले पाहिजे होतं. माझा एकही धड फोटो नाही. लग्नाच्या फोटोत मुंडावळ्यायनं तोंड झाकलेलं, बाकी सगळीकडे मी मेलेला. हे मी त्याले सांगितलं तेव्हा तो हसला नाही. म्हणाला, "रिटायर झालो का काढतो. मोठं, ऑइलमध्ये." तो शब्द मी धरून बसलो.

*

त्याच्या क्लासचा नियम एकच, इथं मराठीत बोलायचं. रविवारी विहारात वंदना घेऊन आला का पोरं बसवायचा. वंदनेच्या वेळी कोणी कुजबुजलं तर त्याले अजिबात खपत नसे. क्लासमध्ये मात्र कितीही गोंधळ करा.

एकदा वस्तुचित्रासाठी समोर तांब्या ठेवला, बाजूले पिकलेला पेरू. हा आत चहा प्यायले गेला, परत येतो तर पेरू गायब.

एक पोरगी ओरडली, "सर, किसी ने अमरूद खा लिया!"

"मराठीत सांग."

"सर, कोणीतरी पेरू खाऊन टाकला."

"बरं. वस्तुचित्र संपलं. आता स्मरणचित्र काढा."

*

आमच्या पोरीले पाहायले दुर्गच्या मोहन नगरातून पाहुणे आले. पोराचे वडील आमच्याच प्लांटातले. पोहे खाऊन झाले, तरी त्यायची नजर माझ्यावरून हटेना. शेवटी मोठ्या संकोचानं बोलले, "तुमचे जुळे भाऊ होते काय? अ‍ॅक्सिडेंटमध्ये गेले ते?"

पाहुणे जाईपर्यंत माझ्या बायकोनं, मंदानं, कसाबसा दम धरला. मंग पदर खोचून सरळ रामटेक्याच्या दारात. "भाऊजी, आमच्या माणसाले आजपासून मारायचं नाही. सांगून ठेवते."

सोयरीक जुळली, सांगायचं राहिलं.

*

पुढच्या पोस्टरले मेलेला माणूस मिळेना. ज्याले विचारावं त्याच्या घरी एक मंदा होतीच. मंग रामटेक्यानं कपाटाचा आरसा काढून भिंतीले टेकवला, समोर उभा राहिला आणि स्वतःलेच आडवं रंगवलं. शिडीवरून खाली पाहावं असं. उताणा पडलेला, दोन्ही हात छातीशी, हेल्मेट डोक्याच्या पलीकडं हातभर दूर.

सगळं जमलं, डोळे अडले. मिटलेले डोळे आरशात पाहायचे कसे? तर त्याची बायको, शालूवहिनी, समोर बसल्या, हा डोळे मिटून उभा, आणि त्या सांगून राहिल्या, "पापणी अजून खाली. हां, आता झोपल्यावर दिसता तसे."

पुढं फ्लेक्सचे बोर्ड आले. जुने पत्र्याचे बोर्ड भंगारात चालले होते, त्यातला हा एक त्यानं मागून आणला. त्याच्या कोहक्याच्या घरात पलंगामागं भिंतीले ओल येत होती, तिथं लावून टाकला.

*

रिटायर झाल्यावर मी त्याले शब्दाची आठवण दिली. त्यानं खरोखर मोठा कॅनव्हास ताणला. मी इस्त्रीचा युनिफॉर्म घातला, हेल्मेट घातलं, त्याच्या अंगणात उभा राहिलो. त्यानं बुटापासून सुरुवात केली.

"चेहरा सोडून बूट?"

"तुले उभं राहायची सवय नाही, भोयर. पाय आधी पक्के करू दे."

संध्याकाळपर्यंत गळ्यापर्यंत आला. ब्रश धुता धुता म्हणाला, "नाक उद्या. त्याले टाइम लागते."

दुसऱ्या दिवशी पहाटे शालूवहिनींनी माझं दार वाजवलं. झोपेतच हार्ट थांबलं होतं. माझं चित्र गळ्यापर्यंतच आहे. मले त्याचं वाईट वाटते, खोटं कावून बोलू. पण त्या दिवशी मी त्यासाठी रडलो नाही.

*

श्रद्धांजलीच्या सभेले फोटो पाहिजे होता. घरभर चित्रं, शेजाऱ्यायची, पोरायची, भाजीवालीची. रामटेक्याचा एक फोटो नाही. गेटपासवर होता नखाएवढा, त्याच्याही तोंडावर शिक्का.

वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, साऱ्या भिलाईचे चेहरे काढले यायनं. यायचाच नाही."

तेव्हा मले बोर्ड आठवला. पलंग सरकवला, बोर्ड ओढून काढला, ओल्या फडक्यानं पुसला. रामटेके आडवा, डोळे मिटलेला.

वहिनींनी तोंड फिरवलं. "असे नको. असेच तर पाहिले सकाळी."

बोर्ड परत ठेवायले म्हणून मी त्याचं एक टोक उचललं आणि तिथंच थांबलो. मंग दुसरं टोक जमिनीले टेकवून बोर्ड भिंतीशी सरळ केला. रामटेके उभा राहिला. हात छातीशी, डोळे मिटलेले, आणि दूर पडलेलं हेल्मेट आता बरोबर डोक्याच्या वर. घोषणेची ओळ एका बाजूले उभी झाली होती, तिथं मी हार सोडला.

सभेत लोक मावेनात. त्याच्या क्लासमधली एक पोरगी, आता लेकुरवाळी, हात जोडून समोर उभी राहिली आणि मोठ्यानं विचारती झाली, "काकू, सरनी डोळे कावून मिटले?"

शालूवहिनींनी ओठावर बोट ठेवलं. "हळू बोल. वंदना घेऊन राहिले."