घुब्र्यातली रुद्रवीणा

कोणी मस्कत कायमचं सोडून गेलं की त्याचे किस्से वाढायला लागतात. मालूताई पुण्याला परतल्या, घुब्र्यातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये दुसरं कुटुंब आलं, आणि दर शुक्रवारी त्यांच्याकडे जमणारी आम्ही मंडळी आता रुवीत माझ्या घरी चहा पीत त्यांच्याबद्दलच बोलत बसतो.

मालूताई रुद्रवीणा वाजवायच्या. ख्यालाच्याही आधीचं, ध्रुपदाच्या काळातलं वाद्य. त्यांच्या गुरुजींच्या घराण्यात ती खांद्यावर घेणारी पहिली बाई त्याच. बाईनं वीणा वाजवली तर घर मोडतं, असं तिकडे म्हणायचे. त्यावर त्यांचे यजमान शिरीषराव शांतपणे म्हणत, "घर भाड्याचं आहे. मोडू दे."

*

वीणा मस्कतला आणली तेव्हा कस्टम्सवाल्यानं ते दोन भोपळे पाहून विचारलं, हे खायचं आहे का? ताईंनी तिथंच खाली बसून एक तार छेडली. तो म्हणाला, "खलास?" ताईंनी बोट वर करून त्याला थांबवलं. तो वाकला, भोपळ्याला कान लावला. मागे रांग वाढत होती. बऱ्याच वेळानं तोच हळूच म्हणाला, "खलास."

*

आमच्या दीपाची मुलगी इथल्या शाळेतली, मराठी अडखळत बोलणारी. आलाप बराच वेळ चालला तशी तिनं विचारलं, "आंटी, साँग कधी स्टार्ट होणार?" दीपा ओशाळली. ताई म्हणाल्या, "मीपण वाटच बघतेय गं. सुरू झालं की दोघी ऐकू."

*

रफिकभाई मूळचे दाभोळचे, वादी कबीरला त्यांचं एसी दुरुस्तीचं वर्कशॉप. एसीच्या घरघरीत सूर लागेना म्हणून ताईंनी त्यांना बोलावलं. काम झालं तरी भाई उठेनात. मग दर शुक्रवारी नमाज आटोपून यायला लागले.

एकदा खर्जाची तार वाजली आणि ते म्हणाले, "ताई, बाबा मचवा घेऊन खाडीत शिरायचे ना, तेव्हा इंजिनाचा असाच आवाज आधी यायचा. मचवा मागनं दिसायचा. आम्ही धक्क्यावर उभे."

ताईंनी तीच तार पुन्हा छेडली. त्या दिवशी दुसरी वाजवलीच नाही.

*

गुरुजींचे चिरंजीव, आता स्वतः मोठे वादक, कार्यक्रमासाठी मस्कतला आले होते. आपल्या घराण्याची वीणा इथं एक बाई वाजवते, हे कळल्यावर भेटायला आले. शिरीषराव गडबडीत चहा टाकायचाच विसरले. ताईंनी थोडं वाजवलं. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणाऱ्या एका मींडेवर पंडितजी चमकले. वडिलांनी ती घराबाहेर कोणाला दिली नव्हती.

"बाबांनी तुम्हाला कधी शिकवलं?"

"तुम्हाला शिकवायचे तेव्हा," ताई म्हणाल्या. "मी शेजारची मालू. तुमच्या आईला भाजी निवडू लागायला यायचे. स्वयंपाकघराचं दार लोटलेलं असायचं."

पंडितजी उठले, ताईंच्या स्वयंपाकघरात गेले, ओट्याशेजारी फरशीवर बसले आणि हात लांबवून दार लोटून घेतलं.



"हं," आतून आवाज आला. "आता वाजवा."