जाधव म्हणजे कुठले

औरंगाबादच्या सिडको बसस्टँडवर मुंबईची गाडी लागली होती. दोन हजार दोन साल. वडील वीजमंडळात लाइनमन होते, खांब चढून चढून त्यांचे गुडघे गेले होते, तरी माझी बॅग त्यांनीच उचलून डिकीत ठेवली. आई भीमनगरातल्या चार बायकांना घेऊन आली होती. ती एवढंच म्हणाली, "आजारी पडलास तर लपवू नको." वडिलांनी मला बाजूला घेतलं. "तिकडं कुणी विचारत नाही, बाबा. मान वर करून राहा." काय विचारत नाही ते त्यांनी सांगितलं नाही. आपल्यात ते सांगावं लागत नाही.

भीमनगरात राहिलेल्या तुमच्यासाठी हे लिहितोय, आणि माझ्यासारखे बाहेर पडलेत त्यांच्यासाठीही. सुट्टीवर आलो की तुम्ही विचारता, सिंगापूर कसं आहे. मी एमआरटी मेट्रोचं सांगतो, विसाव्या मजल्यावरच्या पाण्याचं सांगतो. हे कधी सांगितलं नाही.

वडिलांचं म्हणणं अर्धं खरं निघालं. वुडलँड्सला चिप बनवायच्या कारखान्यात मी लागलो होतो, तिथल्या चिनी सुपरवायझरला माझी जात कळली असती तरी काही उमगलं नसतं. शिफ्ट संपायच्या आत मशीन चालू झालं की त्याचं भागायचं. विचारलं ते आपल्याच माणसांनी.

त्याच कारखान्यात प्रशांत कांबळे होते, लातूरचे, माझ्याहून सहा वर्षांनी मोठे. यिशुनमधल्या त्यांच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये एक खोली रिकामी होती, ती त्यांनी मला दिली. पहिल्या दिवशी आत पाऊल टाकलं तर हॉलमध्ये बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो, पुढे ताजी फुलं. "जय भीम," ते म्हणाले, गल्लीत म्हणतात तसं. मी हळूच "जय भीम" म्हणालो. मग लक्षात आलं की इथं ऐकायला दुसरं कुणी नाही, आणि पुन्हा एकदा मोठ्यानं म्हणालो. ते हसले. तेव्हापासून मी त्यांना भाऊ म्हणायला लागलो.

सेरंगूनला शिरीषदादा आणि मेधाताई राहायचे. दादा बँकेत मोठ्या हुद्द्यावर, नुकतेच पीआर, म्हणजे तिथले कायमचे रहिवासी, झालेले. दर महिन्याला एका रविवारी त्यांच्याकडे दहा-बारा मराठी घरं जमायची. माणसं वाईट नव्हती, हे मला आधी सांगितलं पाहिजे. मला कांजिण्या झाल्या तेव्हा मेधाताईंनी आठवडाभर मऊ भात आणि मेतकूट पाठवलं. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं होतं, "जाधव म्हणजे कुठले? साताऱ्याकडचे?" मी म्हणालो, "औरंगाबाद." "म्हणजे मराठेच," त्या म्हणाल्या आणि माझ्या ताटात पोळी वाढली. मी नुसता हसलो. खोटं बोललो नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली.

पुढच्या वर्षी भाऊंची बायको, सुजातावहिनी, आणि चार वर्षांची मैत्री सिंगापूरला आल्या. भाऊंनी बुकित पंजांगला घर घेतलं, भाड्याचंच. वहिनींना माणसांची हौस. त्या महिन्याच्या रविवारी त्यांनी पहाटे उठून पुरणपोळ्या केल्या, स्टीलच्या डब्यात भरल्या, आणि आम्ही सगळे सेरंगूनला गेलो. 'कांबळे' हे आडनाव ऐकल्यावर मेधाताई क्षणभर थांबल्या, मग म्हणाल्या, "या ना, बसा." बोलण्यात काही कमी पडलं नाही. फक्त तो डबा ओट्याच्या कोपऱ्यात राहिला, आणि निघताना वहिनींच्या हातात जसाच्या तसा परत आला. "आज खूपच झालं हो सगळं," मेधाताई म्हणाल्या. परतताना एलआरटीच्या छोट्या गाडीत वहिनी डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मैत्रीनं पोळी मागितली तर त्यांनी झाकण उघडलं नाही.

पुढच्या महिन्यात मला निरोप आला, भाऊंना नाही. मी गेलो. स्वयंपाकघरात मेधाताईंनी आवाज खाली करून विचारलं, "तुम्ही वर्षभर त्यांच्याबरोबर राहिलात. जमलं तुम्हाला?"

मी म्हणालो, "जमलं." आणि कोथिंबीर निवडायला घेतली.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये मी भाऊंना हे सांगितलं. का सांगितलं, माहीत नाही. त्यांनी ताटातला भात संपवला. मग म्हणाले, "तू जात जा. परक्या गावात माणसं लागतात. आपल्यातला म्हणून मी तुझं नाव घेणार नाही." त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मी जात राहिलो. पुढची तीन वर्षं मी सेरंगूनला मराठा होतो आणि बुकित पंजांगला जय भीम म्हणायचो, आणि दोन्हीकडे जेवायचो.

दोन हजार सहामध्ये एका सकाळी कामावर वहिनींचा फोन आला. भाऊ एलआरटीच्या फलाटावर कोसळले होते. मी हॉस्पिटलात पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. हृदय थांबलं म्हणाले. अडतीस वर्षांचा माणूस. वहिनी बाकावर बसल्या होत्या आणि मैत्रीच्या शाळेच्या पिशवीचा पट्टा घट्ट धरून होत्या.

शिरीषदादांना मीच कळवलं, दुसरं कुणाला कळवणार होतो? ते तासाभरात आले. कागदपत्रं, शववाहिनी, मंडाईच्या दहनगृहातली वेळ, सगळं त्यांनी धावपळ करून केलं. दुसऱ्या दिवशी मेधाताई आल्या, आणखी पंधरा-वीस माणसं आली. त्यातले बहुतेक भाऊंना एकदाच भेटलेले.

दहनगृहात दादा वहिनींना म्हणाले, "देवळातल्या गुरुजींना सांगून ठेवलंय. दहा मिनिटांत येतील."

"गुरुजी नको," वहिनी म्हणाल्या. "आमच्यात त्रिशरण म्हणतात."

"बरं. मग ते कोण म्हणेल?"

मी वहिनींपासून हातभर अंतरावर उभा होतो. त्यांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. शेजारची चिनी म्हातारी आली होती, ती हळूच म्हणाली, "हजबंड बुद्धिस्ट, आह? आय ऑल्सो. आय कॉल मंक, कॅन?" वहिनींनी मान हलवून नको म्हटलं. मग त्यांनी हात जोडले आणि स्वतःच सुरुवात केली. बुद्धं सरणं गच्छामि. त्यांचा आवाज सरळ होता. धम्मं. संघं. दुसऱ्या आवर्तनाला तो चिरकला. दुतियम्पि म्हणताना त्या अडल्या, पुन्हा सुरू केलं, कशीबशी ती ओळ पार पडली. मेधाताई माझ्या उजवीकडे होत्या, एवढंच मला जाणवत होतं. मेलेला माणूस समोर, आणि मी शेजारी कोण उभं आहे याचा हिशेब करत होतो.

तिसऱ्या वेळेला वहिनींच्या तोंडून शब्दच फुटेना. मैत्री आईच्या ओढणीला धरून वर बघत होती.

तेव्हा मी म्हणालो, "ततियम्पि बुद्धं सरणं गच्छामि." पुढचं सगळं मी म्हटलं, पंचशीलसुद्धा. वहिनी थांबल्या आणि मला म्हणू दिलं. माझ्या उजवीकडे मी पाहिलं नाही.

शिरीषदादांनी जाताना माझा हात हातात घेतला, म्हणाले, "काही लागलं तर सांग." त्यानंतर रविवारचा निरोप आला नाही. मीही विचारलं नाही.

भाऊंच्या नोकरीवर वहिनींचा डिपेंडंट पास होता. तो रद्द झाला आणि थोड्या दिवसांत त्यांना देश सोडावा लागला. विमानतळावर मी माफी मागणार होतो. दोन दिवस वाक्यं जुळवली होती. वहिनींनी ती वेळच येऊ दिली नाही. "हे शेवटपर्यंत म्हणायचे, तो पोरगा चांगला आहे," त्या म्हणाल्या. "त्यांनी तुमचं नाव घेतलं नाही. मीही घेतलं नसतं."

वडील मागच्या वर्षी गेले. शेवटपर्यंत फोनवर विचारायचे, "कुणी विचारत नाही ना?" मी नाही म्हणायचो. त्यांच्यापुरतं ते खरं राहू दिलं.

आता यिशुनच्या माझ्या घरात दर रविवारी वंदना होते. चार घरं येतात, कधी पाच. नवीन कुणी आडनाव विचारलं तर मी जाधव सांगतो आणि लगेच पुढचंही सांगून टाकतो. काही जण पुन्हा येत नाहीत. त्यांचं ठीक आहे.

या उन्हाळ्यात लातूरला गेलो होतो. वहिनी एका शाळेत कारकून आहेत, भावाच्या घरामागच्या दोन खोल्यांत राहतात. मैत्री दहा वर्षांची झालीय. शाळेत मुली तिच्या बोलण्यातल्या सिंगापुरी 'लाह'ला हसतात, म्हणून ती फार बोलत नाही. मी निघालो तेव्हा ती दारापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "अंकल, व्हेन वी गो होम?"

वहिनी आतून म्हणाल्या, "हेच घर आहे, बाळा." त्यांनी ते बहुधा शंभरदा सांगितलं असेल.

घर म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर आता मी म्हणतो, आपलं माणूस गेल्यावर जे म्हणायचं ते जिथं पहिल्याच वेळेला म्हणता येतं, ते घर. मंडाईत मला तिसऱ्या वेळेला जमलं. पहिल्या दोन वेळा ती बाई एकटी म्हणत होती.