रोसाबाईंची खुर्ची

प्लेनोहून निघताना माझ्या थोरल्या बहिणीने, ताईने, मला तीनदा विचारलं, "सगळं घेतलंस ना गं?" मी तिन्ही वेळा ठसक्यात "हो" म्हटलं. त्या ठसक्याने पुढे काय महाभारत घडवलं, तेच सांगायला बसले आहे.

ताई तीस वर्षं अमेरिकेत, टेक्सासमधल्या प्लेनो गावात आहे. मी बार्शीची. चोवीस वर्षं लाल गाडीवर कंडक्टर होते, आता निवृत्त झाले आणि चार महिन्यांसाठी तिच्याकडे आले. पहिल्या महिन्यात मॉल झाले, मंदिर झालं, तिच्या मैत्रिणींकडची जेवणं झाली आणि मी पार कंटाळले. जन्मभर रस्त्यावर राहिलेल्या बाईला गालिच्यावर बसवलं की तिचे पाय आखडतात. ताईची मुलगी मीरा म्हणाली, "मावशी, वीकेंडला मी साउथला ड्राइव्ह करतेय. येतेस?" मी चपला शोधायलाच लागले.

मीरा इथेच जन्मली, फिजिओथेरपिस्ट आहे. महिन्यातून एकदा ती सात-आठ तास गाडी हाकत दक्षिणेला जाते आणि हमरस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून एका नाक्याकडे बघत बसते. तिच्यासारखे आणखी काही जण आहेत, पाळ्या लावून बसतात. ताईला हे मुळीच पटत नाही. "लोकांच्या मुली स्थळं बघतात, आमची नाका बघते," असं ती येईल त्याला ऐकवते.

शुक्रवारी पहाटेच निघालो. दशम्या आणि शेंगाची चटणी होतीच बरोबर. सॅन अँटोनिओ मागे पडलं तशी झाडं बुटकी होत गेली, माती भुरकट झाली आणि दोन्ही बाजूंना मेस्किटचं (आपल्या वेड्या बाभळीचं सख्खं भावंड) रान सुरू झालं. तेच काटे, त्याच शेंगा, आणि खिडकी खाली केली तर तीच झळ. सातासमुद्रापलीकडे येऊन मला एकदम बार्शी-परांडा रस्ता भेटला. मी इतकी खूश झाले की मीराला गाडी थांबवायला लावून एक शेंग तोडून पर्समध्ये टाकली.

दुपारी नाका दिसला. मेक्सिकोची सीमा म्हणजे एक नदी, पण नाका नदीवर नाही. तो चांगला सव्वा-दीड तास अलीकडे, देशाच्या पोटात आहे. दक्षिणेला जाणाऱ्याला कोणी अडवत नाही. उत्तरेकडे येणारी प्रत्येक गाडी मात्र छपराखाली थांबते आणि हिरव्या गणवेशातले, कमरेला पिस्तूल लावलेले पहारेकरी विचारतात, तुम्ही इथले नागरिक का? नदी आणि नाका यांच्यामधल्या पट्ट्यात कितीतरी माणसं आहेत ज्यांच्याकडे कागद नाहीत. ती तिथे कामं करतात, लेकरं वाढवतात, म्हातारी होतात, पण नाक्यापलीकडे त्यांना जाता येत नाही.

रस्त्याच्या कडेला मेस्किटच्या सावलीत वॉल्टर बसला होता. सत्तरी ओलांडलेला, निवृत्त शाळामास्तर, डोक्यावर गवताची हॅट, मांडीवर वही. आमची पाळी त्याच्याबरोबर होती. काम साधं. कुठल्या गाडीला नुसता हात दाखवून सोडलं, कोणाला कागद मागितले, कोणाला बाजूला घेतलं, किती वेळ ठेवलं, हे लिहायचं. बोलायचं नाही, अडवायचं नाही.

"मग उपयोग काय?" मी मीराला विचारलं.

तिने वॉल्टरला सांगितलं. तो हसला आणि काहीतरी म्हणाला. मीरा म्हणाली, "तो म्हणतो, बघणारं कोणी असलं की माणूस जरा नीट वागतो. आणि ज्याला बाजूला घेतात ना, त्याला कळतं की कोणीतरी बघितलंय."

मला ते काही फारसं पटलं नाही. पण वही हातात आल्यावर जुनी सवय जागी झाली. गाडीचा रंग, माणसं किती, वेळ, सगळं मी भराभर टिपू लागले. वॉल्टरने माझं पान बघून हॅट काढली. चोवीस वर्षांत डेपो मॅनेजरने कधी माझ्यासाठी टोपी काढली नव्हती, खोटं कशाला बोलू!

उन्हं कलायला लागल्यावर आम्ही तासभर आणखी दक्षिणेला, रोसाबाईंच्या घरी मुक्कामाला गेलो. नाक्यावरच्या पाळीसाठी लांबून येणाऱ्यांचा मुक्काम तिथेच असतो. रोसाबाई माझ्याच वयाच्या, ठेंगण्या, हातात सतत फडकं. लोकांच्या घरी स्वयंपाक करतात. कागद नसलेल्यांपैकीच एक. त्या स्पॅनिश बोलत होत्या, मी मराठी, आणि मधे मीरा. पण स्वयंपाकघरात शिरल्यावर मीराची गरज संपली. त्या पोळपाट-लाटण्यावर पोळी लाटतात, तव्यावर टाकतात, हाताने उलटतात. मी शेजारी उभी राहून त्यांना फुलका फुगवून दाखवला, तर बाई टाळ्या वाजवायला लागल्या. माझ्यासाठी मुद्दाम घेवड्याची बिनमटणाची भाजी केली होती. तिखटाला मागे सरल्या नाहीत. देव त्यांचं भलं करो.

एका मोठ्या डब्यात त्या तमाले (मक्याच्या सालीत गुंडाळून उकडलेल्या पिठाच्या वड्या, पोटात सारण) रचत होत्या. ते कोणासाठी, ते जेवताना कळलं. त्यांची एकुलती एक मुलगी एलेना सॅन अँटोनिओत नर्सिंग शिकत होती. ती इथे जन्मलेली, तिला कागदांची चिंता नाही. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, दुपारी तीन वाजता तिचा पदवीदान समारंभ होता. सभागृहात पहिल्या काही रांगा आयांसाठी राखीव होत्या. एक खुर्ची रोसाबाईंची होती. तिचा पास एलेनाने आईला पाठवलाही होता. पण मधे नाका.

रोसाबाईंनी तो पास कपाटातून आणला, वर एक निळी शाल ठेवली आणि दोन्ही माझ्यापुढे धरलं. मीराने ऐकलं आणि तिचा आवाज जरा बदलला. "मावशी, त्या म्हणतायत, तुम्ही माझ्या खुर्चीत बसाल का? ही शाल एलेना ओळखते. शी विल लुक फॉर इट."

"अगं, तू बस की. किंवा फोनवर व्हिडिओ दाखव त्यांना."

"व्हिडिओ करणारच आहे. पण त्या म्हणतात, फोन खुर्चीत बसत नाही. आणि मी लहान आहे. त्यांना आईच्या वयाचं कोणीतरी हवंय."

मी छातीला हात लावून सांगितलं, "बसेन. आणि हा डबासुद्धा पोचवेन." आमच्याकडे शहरात शिकणाऱ्या लेकरांचे डबे आया कंडक्टरच्या हवाली करतात. किती डबे मी सोलापूरच्या स्टँडवर उतरवले त्याची गणती नाही, पण एक कधी चुकला नाही. हे सगळं मीराने स्पॅनिशमध्ये सांगितलं आणि रोसाबाईंनी माझा हात घट्ट धरला.

तेवढ्यात मीरा सहज म्हणाली, "पासपोर्ट तुझ्या पर्समध्येच आहे ना? उद्या नाक्यावर दाखवावा लागेल."

मी मोठ्या ऐटीत पर्समधून काढला. झेरॉक्स. पुढची-मागची पानं, व्हिसाचं पान, सगळं लॅमिनेट केलेलं.

"मावशी, ओरिजिनल कुठंय?"

"ताईच्या कपाटात, पैठणीच्या घडीत. ओरिजिनल कोणी प्रवासात नेतं का? हरवलं म्हणजे?"

मीरा मटकन खाली बसली. बाहेरदेशच्या माणसाने अस्सल पासपोर्ट जवळ ठेवलाच पाहिजे, असा इथला नियम. येताना कोणी विचारलं नव्हतं, पण परतताना विचारणारच. तिने ताईला फोन लावला. ताईने आधी मला यथेच्छ झापलं, मग कुरियरची चौकशी केली. सोमवारच्या आत पोचणं शक्य नव्हतं. मीराने मग वॉल्टरला फोन करून विचारलं. तो म्हणाला, व्हिसा खरा आहे, कॉम्प्युटरवर सापडायला हवं. पण थांबवतील, किती वेळ ते सांगता येत नाही. खोटं बोलू नका आणि वाद घालू नका.

"तू इथेच राहा," मीरा म्हणाली. "मी एकटी जाते, डबा देते. पासपोर्ट आला की तुला न्यायला येते."

रोसाबाईसुद्धा मान हलवून तेच सांगत होत्या. शाल त्यांनी माझ्या मांडीवरून उचलून घेतली, घडी केली. शहाणपणाचं तेच होतं. मला भीतीही वाटत होती, ती का लपवू? परक्या मुलखात, भाषा येत नाही, समोर पिस्तूलवाले. पण त्या घडी करणाऱ्या हातांकडे बघून मला राहवेना. मी शाल परत ओढून घेतली आणि म्हटलं, "माझ्याकडे खरा कागद आहे, फक्त तो कपाटात आहे. ह्यांच्याकडे तोही नाही. मी जाणार."

सकाळी नवाला निघालो. नाक्याजवळ वॉल्टर त्याच्या जागेवर होता. छपराखालच्या पहारेकऱ्याने खिडकीत वाकून विचारलं. पोरगेलासा, सावळा, नम्र. मीराने आपलं कार्ड दाखवलं, मी माझं लॅमिनेट. त्याने ते उलटसुलट केलं आणि म्हणाला, "मॅम, ही कॉपी आहे. ओरिजिनल?"

काय सांगू, तो माझाच आवाज होता. "झेरॉक्स चालत नाही आजोबा, ओरिजिनल दाखवा." एकदा भर उन्हात, एका फाट्यावर, मी एका म्हाताऱ्याला ह्याच कारणाने उतरवलं होतं. सवलतीच्या पासाची झेरॉक्स होती त्याच्याकडे. बिचारा धोतर सावरत उतरला. मी दोन बेल दिल्या आणि गाडी पुढे गेली.

आम्हाला बाजूला घेतलं. मला एका खोलीत बाकावर बसवलं, बोटांचे ठसे घेतले, फोटो काढला. मीरा बाहेर. कुत्रा आणून गाडी हुंगवली. तो डब्यापाशी जाऊन जोरजोरात शेपटी हलवायला लागला. आत डुकराचं मांस आहे हे मला तेव्हा कळलं. मी पक्की शाकाहारी, पण डब्यात काय आहे हे कंडक्टरने विचारायचं नसतं.

साडेदहा झाले, अकरा झाले. कॉम्प्युटरवर माझं नाव काही केल्या सापडेना. पासपोर्टवर आडनावाच्या जागी वडिलांचं नाव पडलेलं, असा घोळ. हे मला परत पाठवणार, ताईला कोण सांगणार, आणि ती खुर्ची रिकामी राहणार, एवढंच डोक्यात फिरत होतं.

मग खिडकीतून ती हॅट दिसली. वॉल्टरची पाळी दहालाच संपली होती. त्याची खुर्चीसुद्धा घडी घालून गाडीला टेकवलेली होती. पण तो रस्त्यापलीकडे, रणरणत्या उन्हात, वही हातात धरून उभा होता आणि माझ्या खिडकीकडे बघत होता. तो काय करू शकत होता? काहीही नाही. आत येऊ शकत नव्हता, एक शब्द बोलू शकत नव्हता. तरी माझी भीती ओसरली. मला रडू आलं, आणि ते भीतीचं नव्हतं. कोण कुठला हा मास्तर! त्याचे उपकार मी कसे फेडू?

पावणेबाराला ठशांवरून माझी नोंद सापडली. विमानतळावरचा फोटोही निघाला, डोळे अर्धे मिटलेला. त्या पोरगेल्या पहारेकऱ्याने मला पाण्याची बाटली दिली, ओरिजिनल जवळ ठेवायची तंबी दिली आणि सोडलं. मी त्याला "थँक्यू बाळा" म्हणाले. मनापासूनच म्हणाले. रस्त्यापलीकडे वॉल्टरने घड्याळ बघितलं, वहीत लिहिलं आणि मग कुठे हॅट डोक्यावरून उचलून मला दाखवली.

मीराने गाडी अशी हाकली की आमचा रातराणीचा ड्रायव्हरही लाजला असता. तीनला पाच मिनिटं कमी असताना मी धावत त्या सभागृहात शिरले आणि रोसाबाईंच्या खुर्चीत बसले. निळी शाल नीट पसरून घेतली. मागून मीराने फोन उंच धरला. त्यात रोसाबाई होत्या, स्वयंपाकघरात, ठेवणीतला पोशाख आणि कानात डूल घालून.

एलेनाचं नाव पुकारलं. ती मंचावर आली आणि तिने थेट रांगेकडे बघितलं. शाल दिसली. क्षणभर तिला वाटलंच असणार, आई आली. मग माझा चेहरा दिसला. मला अपराध्यासारखं झालं. पण ती पोर हसली, छातीवर हात ठेवला आणि मान लववली. मी उठून उभी राहिले आणि दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारली की अख्ख्या सभागृहाने वळून बघितलं. फोनमधून रोसाबाईंचं हसणं ऐकू येत होतं. की रडणं होतं, मीरालाही सांगता आलं नाही.

बाहेर एलेनाने गवतावर बसून डबा उघडला आणि शाल नाकाला लावली.

आता प्लेनोला परत येऊन तीन आठवडे झाले. ताई अजून दिवसातून एकदा पासपोर्टवरून टोमणा मारते, पण मीराच्या पुढच्या खेपेसाठी तिने पाण्याच्या बाटल्यांचा खोका आणून ठेवलाय, वॉल्टरसाठी. वॉल्टरने त्याच्या वहीतल्या त्या ओळीचा फोटो पाठवला आहे. निळी गाडी, दोन बायका, आत इतके वाजता, बाहेर इतके वाजता. मी तो बघते तेव्हा फाट्यावरचा म्हातारा आठवतो. त्याला उतरवलं तेव्हा रस्त्यापलीकडे कोणी उभं नव्हतं.

एलेनाने डबा घासूनपुसून, शालीसकट माझ्याकडे दिला होता, आईला पोचवायला. आमच्यात डबा रिकामा परत देत नाहीत. मी काल बेसनाचे लाडू वळले आणि काठोकाठ भरले. मीरा पुढच्या शनिवारी घेऊन जाईल. त्या नाक्यातून लाडू जातील, शाल जाईल, डबा हवा तितक्या वेळा जाईल आणि येईल. रोसाबाई मात्र आपल्या घराच्या फाटकापर्यंत येऊन डबा हातात घेतील, आणि तिथूनच हात हलवतील.