भाकरीतली पक्कड

ह्या गोष्टीत चाकू हाय, विमान हाय, बंदूकवाला जवान बी हाय. तुमी लगेच सरसावून बसला असाल! बसा निवांत. ह्यात मोडल्या त्या फक्त भाकऱ्या.

मी आन् माझे वडील, अण्णा, दिल्लीला ताईकडं निघालो हुतो. पुण्यातनं विमान, दोघांचं बी पयलंच. अण्णा भवानी पेठेत यंत्रमागावर जॉबर हुते, म्हंजी बिघडलेले माग दुरुस्त करनारे. काम सोडलं त्या दिवशी सोबत्यांनी वर्गणी काढून त्यांना एक घडीची पक्कड दिली. बोटाएवढी, पण उघडली की आत चाकू, कातर, स्क्रू ड्रायव्हर, सगळा संसार! तवापासनं ती अण्णांच्या खिशात. ताईच्या लग्नात बी खिशात.

"मोठ्या बॅगंत टाका की," मी म्हनलं.

"आन् बॅग हरवली म्हंजी? कपडं मिळत्यात रं. ही कुटं मिळनार?"

मग मी डोकं लावलं. (हितं तुमी घाबरायचं.) आईनं कडक भाकऱ्यांची चळत फडक्यात बांधून दिली हुती. पक्कड मधल्या दोन भाकऱ्यांत सरकवली.

"मशीनला भाकरीच दिसनार, अण्णा!"

वर तपासणीवाल्याची नक्कल करून घरातच तालीम घेतली. "हाथ ऊपर! पट्टा निकालो!" आई हसून हसून लोळली.

विमानतळावर काय न्यायचं न्हाय त्याचा चित्रांचा फळा हुता. मी वाचला न्हाय. त्याच्यापुढं सेल्फी काढून आईला धाडला.

मशीननं भाकरी बघितलीच न्हाय, थेट पक्कड बघितली!

"ये क्या है?" जवानानं इचारलं.

"भाकरी."

"भाकरी के अंदर?"

"...चटणी?"

जवान एकेक भाकरी काढाय लागला. कडाक! कडाक! मागं रांग तुंबली. पाचवीखाली पक्कड निघाली आन् अण्णांचं तोंड एवढंसं झालं.

"साब, हमारे मागवाले लोगां दिये सो है ये."

जवान जरा नरमला. "यहाँ छोड़ो, नहीं तो वापस जाके सामान में डालो. जल्दी!"

ट्रेमधलं समदं पिशवीत कोंबलं आन् पळालो. काउंटरवरच्या मॅडमचे पाय धरायचेच काय ते ऱ्हायले. पिशवी सामानात गेली! घामाघूम होऊन, छाती फुगवून अण्णांपुढं हुबा ऱ्हायलो.

"वाचली, अण्णा!"

"वाचली रं. माझा पट्टा कुटं हाय?"

पट्टा... ट्रेमधी हुता. म्हंजी आता सामानात.

आन् अण्णा पँट कशी शिवत्यात? "सैलच शिव मास्तर, पुढं अंगात यील." अण्णा दोन्ही हातांनी कंबर धरून विमानात चढले. त्यांचा पास मी दाखवला, पाणी मी पाजलं, नमस्कार बी मीच केला!

दिल्ली आली तरी अण्णा उठंनात.

"हा खुर्चीचा पट्टा लई झ्याक हाय रं. पक्कड असती तर काढून घेतला असता!"

खाली सामान फिरत आलं. पिशवी दिसली आन् अण्णांनी आनंदानं दोन्ही हात पुढं केले.

दोन्ही!

ताई समोरच हुबी हुती. तिनं हसत हसत लगेच आईला व्हिडिओ कॉल लावला. आईनं सगळं ऐकलं, माझा सेल्फी पुन्यांदा उघडून बघितला, आन् सुरू झाली.

"पक्कड सांभाळलीस, आन् बाप उघडा पाडलास व्हय रं? आन् ह्यो मागचा फळा काय देखावा म्हनून हुता? परत येताना खडू घिऊन जा. काय न्यायचं न्हाय, त्याच्यात शेवटाला तुजं नाव लिवून ये!"