टॉवेलबाईंचा वॉर्ड

कुणाचंही घर बांधायचं काम आलं की बाई आधी त्याच्या राहत्या खोलीत एक टॉवेल भिजवून, पिळून दोरीवर टाकत आणि तो वाळेपर्यंत समोर बसून राहत. घरमालक चहा विचारी आणि मनात म्हणे, ही आर्किटेक्ट घर बांधायला आली आहे की धुणं वाळवायला? बाई ढिम्म हलत नसत. दमट हवेत ऊन माणसाला छळतं, पण खरा जीव घेतो तो अंगावर चिकटून राहिलेला घाम. जिथे टॉवेल वाळत नाही तिथे माणसालाही सुख नाही, एवढं सरळ त्यांचं गणित. ठेकेदारमंडळींनी मागे त्यांचं नावच टॉवेलबाई पाडलं. ते कानावर गेल्यावर त्या भडकतील म्हणून सगळे दबकून होते, तर या पठ्ठीने फोनवर ‘टॉवेलबाई बोलतेय’ म्हणायला सुरुवात केली!

त्यांची आई सरकारी दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स होती. ठेंगण्या छताची, पश्चिमेकडे खिडक्या असलेली ती खोली दुपारनंतर नुसती तापायची. घरी आल्यावर आई लेकीकडून पाठीवरच्या घामोळ्यांना पावडर लावून घेई आणि म्हणे, “माझं काय गं, मी घरी तरी येते. त्या बाळंतिणींनी कुठे जायचं?” हा प्रश्न पोरीच्या डोक्यात घर करून बसला. त्यामुळे त्याच दवाखान्याच्या नव्या वॉर्डाचं काम मिळालं तेव्हा बाईंनी त्यात जीव ओतला. छप्पर उंच ठेवलं. पश्चिमेच्या भिंतीला एकही खिडकी नाही, तिकडे कपाटं आणि न्हाणीघरं टाकून उन्हाला तिथेच अडवलं. वारा येतो त्या बाजूला खाटांच्या उंचीवर खिडक्या, त्यांच्यावर पाऊस आत येणार नाही असे रुंद छज्जे, आणि समोरच्या भिंतीत छपराला लागून विटांची लांबच लांब जाळी.

दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरबाईंना मात्र एसी हवे होते. वादावादी झाली, दोघीही हट्टी. शेवटी डॉक्टरबाई म्हणाल्या, “ऐन उकाड्यात भर दुपारी मी स्वतः तुमच्या वॉर्डात बसते. बसवलं तर ठीक. नाहीतर सगळ्या खिडक्या बंद आणि मशीन चालू.” बाईंनी होकार दिला. पण एकदा बंद झालेली खिडकी पुन्हा कधी उघडत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. शिवाय वीज गेली की त्या बंद खोलीत ओल्या बाळंतिणींचं काय होणार?

परीक्षेच्या दिवशी बाई जरा आधीच पोचल्या. आत पाऊल टाकलं आणि अंगाला हवा लागेना. खिडक्या सताड उघड्या होत्या, पंखे फिरत होते, तरी खोली कोंदटलेली. त्यांनी वर पाहिलं आणि कपाळाला हात लावला. जाळीला या टोकापासून त्या टोकापर्यंत चकचकीत काच बसवली होती.

“कशी वाटली, ताई?” ठेकेदार हसत पुढे आला. बाईंच्या बहुतेक इमारती यानेच उभ्या केलेल्या. “माझ्याकडून भेट समजा. चिमण्या घरटी करतील, खालच्या बाळांवर काडीकचरा पडेल. माझी लेक पुढच्या महिन्यात इथेच बाळंत होणार आहे ना!”

बाईंचा राग तसा नाकावरच असायचा. तो उसळलाही. पण आजोबा व्हायला निघालेल्या माणसाला काय बोलणार? त्यांनी शिडी मागवली. “चला, दोघं वर जाऊ. तोंड त्या काचेजवळ न्या.”

ठेकेदार वर चढला आणि लगेच मागे सरला. “अरे बाप रे! इथे तर भट्टी पेटलीय.”

“खालची गरम हवा वर चढते आणि त्या जाळीतून निघून जाते. तुम्ही तिचं दारच बंद केलंत. ती गेली नाही तर नवी आत येईल कुठून?”

ठेकेदाराचा चेहरा पडला. “आणि चिमण्या?”

“ते मात्र तुमचं खरं आहे. माझ्या डोक्यातच आलं नाही. बाहेरून चिमणी शिरणार नाही अशी तारेची जाळी लावू.”

मग कसली कुरकूर आणि कसलं काय! त्याने स्वतः पट्ट्या उचकटल्या, गड्यांनी काचा झेलल्या. शेवटची काच दाराबाहेर जाते न जाते तोच डॉक्टरबाई आल्या. कुणाशी न बोलता मधल्या खुर्चीत बसल्या आणि सगळ्यांना बाहेर काढलं.

ओसरीत बाईंचा जीव टांगणीला लागला. गरम हवा निघायला वेळ लागतो, एवढ्यात खोली निवली असेल का? ठेकेदार खिडकीतून डोकावून आला.

“ताई, त्या खुर्चीत नाहीयेत.”

“गेल्या?”

“नाही. या तर खऱ्या.”

डॉक्टरबाई खिडकीजवळच्या खाटेवर आडव्या झाल्या होत्या. चपला खाली, चष्मा उशाशी, आणि चक्क घोरत होत्या. दोन नर्सेस पदर तोंडात कोंबून हसत होत्या. बाई हसल्या नाहीत. हे मी बांधलंय, त्यांनी मनाशी म्हटलं, आणि मग मोठ्यानेही म्हटलं. ठेकेदाराने मान डोलावून त्यांना हळू बोलायची खूण केली.

बऱ्याच वेळाने डॉक्टरबाई दचकून उठल्या, केस सारखे केले, दारातली गर्दी पाहिली. “मी डोळे मिटून विचार करत होते,” त्या म्हणाल्या.

“मग काय ठरलं?” बाईंनी विचारलं.

डॉक्टरबाईंनी चष्मा लावला आणि त्या ठेकेदाराकडे वळल्या. “मशीन बसवताना माझ्या केबिनची खिडकी विटांनी बुजवली होती. ती कधी फोडून देताय?”

ठेकेदार तोंड उघडायच्या आत बाई म्हणाल्या, “उद्याच!”